वाचक विचारतात: माणूस स्वतःलाच संपवणार का?

मागच्या अंकात हिरोशिमावरच्या अणुबॉम्बला ८० वर्षं झाली म्हणून एक पान लिहिलं होतं, त्यात शेवटी एक ओळ टाकली होती की आजवर आपण वाचलो त्यात शहाणपण किती आणि नशीब किती हे एकदा बघायला पाहिजे. त्यावर एवढी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळेस बाकीचे प्रश्न (सोसायटीची पार्किंग, मधुमेहात आंबा वगैरे) बाजूला ठेवलेत, त्या मंडळींनी रागावू नये. काही पत्रं चार-चार पानी आहेत, ती कापून छापतेय.

प्रश्न: ताई, मी बारावी सायन्सला आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान लढाईच्या वेळेस टीव्हीवर ते मॉक ड्रिल आणि सायरन बघितले तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चालू आहे, कोणीतरी बटण दाबणार आणि सगळं संपणार. बाबा म्हणतात असं काही होत नसतं, गप अभ्यास कर. खरं सांगा, कधी खरंच एवढं जवळ आलं होतं का, की नुसत्या यूट्यूबच्या गोष्टी? – एक विद्यार्थी, लातूर

उत्तर: आलं होतं रे, आणि एकदा नाही, बऱ्याचदा. यूट्यूबवाले मागे ढणढण म्युझिक लावतात म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही.

एकच नीट सांगते. २६ सप्टेंबर १९८३, मॉस्कोजवळ सेर्पुखोव्ह-१५ नावाचं लष्करी ठाणं, तिथला बंकर, मध्यरात्र उलटलेली. ड्यूटीवर लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह, वय ४४, मूळचा इंजिनियर. काम काय तर अमेरिकेच्या क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणाऱ्या सोव्हिएत उपग्रहांकडून काय येतंय ते बघायचं आणि काही आलं तर ताबडतोब वर कळवायचं. अचानक सायरन सुरू, समोर लाल अक्षरं, अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलंय. मग दुसरं, तिसरं, असं करत पाच. दिवसही कसे, तर तीनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलेलं, २६९ माणसं गेलेली, दोन्हीकडे डोकी तापलेली. अशात हा माणूस एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात इंटरकॉम घेऊन वर कळवतो काय, तर खोटा अलार्म आहे. पुरावा काही नव्हता त्याच्याकडे. हिशोब एवढाच की अमेरिकेला हल्ला करायचाच असता तर पाच सोडून काय उपयोग, शेकड्यांनी सोडली असती, शिवाय ही उपग्रहांची सिस्टीम नवीकोरी, तिच्यावर त्याचा तेवढा भरवसा नव्हता, आणि जमिनीवरच्या रडारला काहीच दिसत नव्हतं. मग थांबायचं, दुसरं काय. ती मिनिटं त्याने कशी काढली असतील देव जाणे, स्वतःच नंतर सांगायचा की आपली खात्री पन्नास-पन्नासच होती. काही पडलं नाही. शेवटी निघालं काय तर उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्रासारखं वाटलं. शाबासकी राहिली बाजूला, त्या धांदलीत नोंदवही नीट भरली नाही म्हणून पेत्रोव्हला बोलणी बसली. सरकारी नोकरी केलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

बाकीच्या पटापट सांगते. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेत सरावाची टेप खऱ्या सिस्टीमवर चालली आणि स्क्रीनवर सोव्हिएत हल्ला दिसायला लागला, पुढच्याच वर्षी जूनमध्ये एक चिप बिघडली, किंमत अर्ध्या डॉलरपेक्षा कमी, की परत तोच गोंधळ. आणि क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं ठेवल्यावरून अमेरिकेशी पेच पडला त्या वेळेस, २७ ऑक्टोबर १९६२ ला, बी-५९ नावाची सोव्हिएत पाणबुडी खाली, वरून अमेरिकन जहाजं तिला वर यायला लावायला छोटे छोटे स्फोट करतायत, आत भट्टी झालेली, मॉस्कोशी संपर्क नाही, कॅप्टन चिडून अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो तयार करायला सांगतो आणि वासिली अर्खिपोव्ह नावाचा अधिकारी त्याला समजावतो, पाणबुडी वर येते.

मला या सगळ्यात एक गोष्ट दिसते ती म्हणजे वेळ. कुणाला तरी थोडी मिनिटं मिळाली आणि त्याने ती घाई न करता वापरली. म्हणून कुठलंही नवीन शस्त्र, मशीन, करार आला की मी आधी एवढंच बघते की याने निर्णय घेणाऱ्या माणसाचा वेळ वाढतोय की घटतोय. खालच्या उत्तरांमध्ये तेच परत परत येईल, कंटाळू नकोस. आणि बाबांचं निम्मं तरी बरोबर आहे. पेत्रोव्हला ती सिस्टीम आतून माहीत होती म्हणूनच तिच्यावर शंका घेता आली, तेव्हा फिजिक्स सोडू नकोस.

प्रश्न: मॅडम, तुमचा आशावाद कळतो पण पटत नाही. महाभारतातल्या मौसलपर्वात यादवांनी ते शापाचं मुसळ कुटून पीठ केलं, समुद्रात टाकलं, तरी त्याचं गवत उगवलंच आणि तेच उपटून एकमेकांना मारून मोकळे झाले. अण्वस्त्रांचं तेच होणार. एकदा बनलेली वस्तू नाहीशी होत नाही. करार-बिरार सगळं मनाचं समाधान. – निवृत्त शिक्षक, डोंबिवली

उत्तर: सर, गोष्ट चपखल आणलीत, शिवाय भागवतात उरलेला लोखंडाचा तुकडा माशाच्या पोटातून थेट जरा व्याधाच्या बाणाला लागतो तो भाग तर तुम्ही सोडूनच दिलात. पण मला वाटतं यादवांचं चुकलं ते समुद्रात टाकून हात झटकले तिथे. पीठ केल्यावर त्याचं पुढे काय करायचं हे कुणी बघितलंच नाही.

अण्वस्त्रांच्या बाबतीत एकदा ते बघितलं गेलं, आणि ही हकिगत आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. १९८६ च्या सुमारास जगात सगळ्यांची मिळून ७० हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती. आज साधारण १२ हजार आहेत. मग सोव्हिएत संघ मोडल्यावर सुटे केलेल्या बॉम्बमधल्या मालाचं काय करायचं? कारण तो चोरीला जायची भीती होती, सैनिकांचे पगार थकलेले, कोठारांची कुलुपं तकलादू. तर १९९३ ला अमेरिका आणि रशियाचा सौदा ठरला. रशियाने बॉम्बमधलं ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम, म्हणजे ज्यात बॉम्बला लागणारा घटक साधारण ९० टक्के असतो असं, ते कमी समृद्ध युरेनियममध्ये मिसळून मिसळून चार-पाच टक्क्यांवर आणायचं, म्हणजे त्याचा बॉम्ब होत नाही पण अणुभट्टीत चालतं, आणि अमेरिकेने ते इंधन म्हणून विकत घ्यायचं. हे तब्बल २० वर्षं चाललं, शेवटचं जहाज २०१३ ला गेलं. सुमारे २० हजार बॉम्बचा माल जळून गेला आणि त्या काळात अमेरिकेच्या दहा टक्क्यांच्या आसपास वीज त्याच्यावर निघाली. तुमच्या सोसायटीतल्या ज्यांची मुलं तेव्हा न्यू जर्सीला होती त्यांच्या घरातला फ्रिज काही प्रमाणात अमेरिकेवर रोखलेल्या बॉम्बवर चालायचा. माझ्या मते गेल्या शतकातलं हे सगळ्यात कमी गाजलेलं मोठं काम, कारण त्यात फोटो काढण्यासारखं काहीच नव्हतं, बिलं, डबे आणि जहाजं.

तुमचा मुद्दा मात्र पूर्ण खोडता येत नाही. युक्रेनने स्वतःच्या जमिनीवरची अण्वस्त्रं १९९४ च्या सुरक्षेच्या आश्वासनांवर देऊन टाकली आणि त्यांचं पुढे काय झालं ते आपण रोज बघतोय, आता कुठला देश आपणहून देईल? आणि अमेरिका-रशियात मोजदाद ठेवणारा जो एकच मोठा करार उरला होता, न्यू स्टार्ट, त्याची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती.

प्रश्न: मी फौजेत २२ वर्षं काढली. आपण दरवर्षी पाकिस्तानला आपल्या अणुकेंद्रांची यादी देतो हे खरं का? खरं असेल तर शत्रूच्या हातात पत्ता देण्यातला शहाणपणा मला समजावून सांगा. – माजी सैनिक, सातारा जिल्हा

उत्तर: काका, खरं आहे. करार ३१ डिसेंबर १९८८ चा, राजीव गांधी आणि बेनझीर भुत्तो यांच्या वेळचा. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, आणि दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देशांनी आपापली यादी एकमेकांना द्यायची, एकाच वेळी, दिल्लीत आणि इस्लामाबादमध्ये. १९९२ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला आणि सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या, मुंबईत २६/११ झालं, पुलवामा-बालाकोट झालं, तरी जानेवारीची एक तारीख आली की पाकीट इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेलंच. २०२५ च्या जानेवारीत ३४ वी वेळ.

आता शहाणपणा कसला म्हणाल, तर पत्ता तसाही उपग्रहावरून दिसतोच, तारापूर काही लपवून ठेवलेलं नाही. यादीचा फायदा असा की उद्या लढाई पेटली तर समोरच्याला "आम्हाला माहीत नव्हतं ते अणुकेंद्र आहे" म्हणता येत नाही. आणि लढाईत चुकून झालेलं आणि मुद्दाम केलेलं यातला फरक ओळखायला वेळ कुठे असतो हे तुम्हाला मी काय सांगणार.

हा वेळ आपल्याकडे किती कमी आहे ते बघा. ९ मार्च २०२२ ला आपलंच एक क्षेपणास्त्र देखभालीच्या वेळेस चुकून सुटलं आणि पाकिस्तानच्या पंजाबात मियां चन्नू शहराजवळ जाऊन पडलं. काही मिनिटांचा मामला. वर स्फोटकं नव्हती, कुणी दगावलं नाही, पण तिकडच्या रडारसमोर बसलेल्या माणसाला ते कसं कळणार? त्यांनी उलट काही सोडलं नाही. आपण दोन दिवसांनी जाहीर केलं की तांत्रिक बिघाड होता, चौकशी झाली आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. रशिया-अमेरिकेत जमिनीवरून सोडलेलं क्षेपणास्त्र पोचायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून पेत्रोव्हला थांबता आलं. आपल्या दोघांत तेवढंही अंतर नाही. म्हणून यादी, क्षेपणास्त्र चाचणीची आगाऊ सूचना (तो करार २००५ चा), डीजीएमओंची म्हणजे दोन्हीकडच्या लष्करी कारवायांच्या प्रमुखांची हॉटलाइन ही सगळी कंटाळवाणी कामं आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त लागतात. मे २०२५ च्या १० तारखेला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी लढाई थांबवायला पाकिस्तानचा फोन आला तो याच डीजीएमओंच्या पातळीवर. टीव्हीवरच्या अँकरना हे सगळं बुळचट वाटतं, वाटू दे. त्यांना कुठे पोस्टवर उभं राहायचंय.

प्रश्न: ते जगबुडीचं घड्याळ नक्की कुठे टांगलंय आणि त्याला चावी कोण देतं? – एक वाचक, अकोला

उत्तर: शिकागोच्या 'बुलेटिन ऑफ द अ‍ॅटॉमिक सायंटिस्ट्स' वाल्यांचं आहे, त्यात बारा वाजले की जगाचा शेवट. १९४७ ला त्यांच्या मासिकाच्या कव्हरसाठी एका चित्रकर्तीने काढलं, बाराला सात मिनिटं कमी दाखवली कारण तिला ते दिसायला बरं वाटलं, बाकी गणित-बिणित काही नाही. तज्ज्ञांची कमिटी बसून काटा हलवते. सगळ्यात मागे १९९१ ला होता, बाराला १७ मिनिटं कमी. जानेवारी २०२५ ला ८९ सेकंद. मी त्याकडे फार लक्ष देत नाही, १७ मिनिटांपासून सेकंदांवर आलं तरी बातमी दरवर्षी तेवढीच दोन इंचांची असते.

प्रश्न: ताई, माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते आणि तिची दोन भावंडं त्यातच गेली. हल्ली बातम्या बघितल्या की वाटतं माणसं फक्त मारायलाच एकत्र येतात. वाचवायला कधी सगळं जग एकत्र आलंय का, एक तरी उदाहरण द्या, मला मुलीला सांगायचंय. – एक आई, म्हापसा

उत्तर: उदाहरण तुमच्या घरातच आहे की. आजीच्या तोंडावर वण होते, तुमच्या आईच्या किंवा मावशीच्या दंडावर देवीच्या लसीचा गोल डाग असेल, आणि मुलीच्या अंगावर दोन्ही नाही. विसाव्या शतकात देवीने अंदाजे ३० कोटी माणसं मारली, त्या शतकातल्या सगळ्या युद्धांत मिळून मेली त्यापेक्षा जास्त धरतात.

१९५८ ला जागतिक आरोग्य संघटनेत हा रोग जगातूनच काढून टाकू असा प्रस्ताव कुणी मांडला, तर सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी. पुढे मोहिमेचा प्रमुख कोण, तर अमेरिकन, डी. ए. हेंडरसन. म्हणजे क्युबाच्या वेळेस एकमेकांना भस्म करायला निघालेले हे दोन देश, त्याच दशकात एकाची लस आणि दुसऱ्याचा माणूस असं मिळून काम करत होते. लस वाळवून भुकटी केलेली, म्हणजे उन्हात बर्फाशिवाय टिकेल अशी, आणि टोचायला दोन टोकांची साधी सुई, जी खेड्यातल्या कुणालाही थोड्या वेळात शिकवता येते.

आपल्याकडे शेवटची मोठी लाट १९७४ ची, बिहारमध्ये हाहाकार होता मे महिन्यात, आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेला पोखरणला आपण पहिली अणुचाचणी केली. एकाच देशात एकाच महिन्यात दोन्ही. आरोग्य कर्मचारी देवी आलेल्या बाळाचा फोटो असलेलं कार्ड घेऊन दारोदार फिरायचे, असा रोगी कुठे बघितलात का विचारत. कळवणाऱ्याला बक्षीस होतं, ते वाढत वाढत हजार रुपयांवर गेलं, त्या काळचे हजार. भारतातला शेवटचा रोगी मे १९७५ मधला, म्हणजे एका वर्षात निकाल लागला.

मुलीला मात्र अली माओ मालिनची गोष्ट सांगा. नैसर्गिकरीत्या देवी झालेला हा जगातला शेवटचा माणूस, ऑक्टोबर १९७७, सोमालियातलं मेर्का शहर. हा चक्क हॉस्पिटलात स्वयंपाकी होता आणि तरी लस घेतली नव्हती, सुई दुखेल म्हणून! देवी झालेल्या दोन मुलांना रस्ता दाखवायला गाडीत थोडा वेळ बसला आणि त्याला झाली. बरा झाला. पुढे त्याच माणसाने पोलिओच्या मोहिमेत काम केलं, लोकांना आपलीच गोष्ट सांगून पटवायचा की माझ्यासारखं करू नका. २०१३ ला त्याच कामात असताना मलेरियाने गेला.

विषाणूचे नमुने अजून दोन ठिकाणी ठेवलेत, एक अमेरिकेत अटलांटाला आणि एक रशियात कोल्त्सोव्होला. नष्ट करायचे की नाही यावर किती वर्षं बैठका चालल्यात. डोंबिवलीचे सर म्हणतील बघा, मुसळाचा तुकडा राहिलाच.

प्रश्न: मी हिंजवडीत एआयवर काम करतो. आमच्या ऑफिसात निम्मे लोक म्हणतात एआय माणसाला संपवणार, निम्मे म्हणतात हा सगळा फंडिंगचा ड्रामा आहे. तुमचं मत? – एक इंजिनियर, पुणे

उत्तर: यंत्र उठून आपल्या मागे लागेल याची मला कमी भीती वाटते. भीती याची वाटते की "मशीन पटकन ठरवतं" म्हणून आपणच त्याला पेत्रोव्हच्या खुर्चीत बसवू. त्या रात्री मशीन तर स्पष्टच सांगत होतं, हल्ला झालाय. नोव्हेंबर २०२४ ला लिमामध्ये बायडेन आणि शी जिनपिंग यांनी मान्य केलं की अण्वस्त्र वापरायचा निर्णय माणसाच्याच हातात राहील. तोंडी आहे, तपासणीची सोय नाही, पण नसण्यापेक्षा बरं. तुम्ही जे बनवताय त्यात "थांबा, परत बघा" असं म्हणणारा माणूस कुठे बसतो तेवढं मला कळवा, मग मत देते.

प्रश्न: आमच्या जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठावर ज्वालामुखीची राख आहे, ती इंडोनेशियातून आली आणि तेव्हा माणूस संपता संपता वाचला असं ऐकलंय. मग परत पण वाचेल ना? – एक शेतकरी वाचक, नारायणगाव परिसर

उत्तर: राख आहे, खरी आहे, आणि तिच्याबरोबर दगडाची हत्यारंही सापडलीत. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, एवढं बरेच जण मानतात. भांडण आहे ते नेमक्या कुठल्या स्फोटाची यावर, काही अभ्यासक सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची म्हणतात, काही त्याहून कितीतरी जुनी. माणूस तेव्हा संपता संपता वाचला ही कल्पना मधल्या काळात फार गाजली, आता तिच्यावर बरीच शंका घेतली जाते. आंध्रात ज्वालापुरमला त्याच टोबाच्या राखेचा जाड थर आहे, तिथे २००७ च्या सुमारास संशोधकांनी दाखवलं की थराच्या खाली जशी दगडी हत्यारं तशीच थराच्या वरही. म्हणजे आभाळातून राख पडली आणि तिथली माणसं खोकत का होईना, पुढे तेच काम करत राहिली.

पण ती माणसं कंद, फळं, शिकार, मासे जे मिळेल ते खायची आणि नाही मिळालं तर उठून दुसरीकडे जायची. आपलं पोट गहू, तांदूळ, मका अशा मोजक्या धान्यांवर, आणि तुम्ही शेतकरी आहात, एका अवकाळीने काय होतं ते तुम्हाला ठाऊक. २०२२ ला एका अभ्यासात हिशोब मांडला होता की भारत-पाकिस्तानात अणुयुद्ध झालं तर जळत्या शहरांचा धूर वर जाऊन ऊन अडेल, जगभर पिकं घटतील आणि उपासमारीने दोनशे कोटींवर माणसं जाऊ शकतात, त्यातली बहुतेक या दोन देशांच्या बाहेरची. मॉडेल आहे, आकडा वर-खाली होईल, काही शास्त्रज्ञांना तो फुगवलेला वाटतो, पण दिशा तीच. तेव्हा माणूस ही जात उरेल का विचारलंत तर मी बहुधा हो म्हणेन, कुठेतरी कुणीतरी उरतं. नारायणगावचा टोमॅटो बाजार उरेल का ते वेगळं, आणि मला काळजी त्याची आहे.

राख बघायला मुलांना घेऊन जरूर जा, फक्त पिशव्या भरून घरी आणू नका, अभ्यासकांना ती जागच्या जागी हवी असते.